टॉवर गावात, अधिकार दिल्लीत!

नवरात्र आणि चैत्रोत्सवात सप्तशृंग गडाकडे लाखो भाविकांची रीघ लागते. दिंडोरी तालुक्यातील वणी हे या वाटेवरचे मोठे गाव. या दिवसांत वणी-नांदुरी रस्त्यावर मोबाइलला रेंज असणे ही चैन राहत नाही. चुकलेले मूल शोधायचे असो, चढताना छातीत कळ आलेल्या माणसासाठी १०८ ला फोन लावायचा असो, हातातला मोबाइल चालायलाच हवा. १२ जुलै २०२३ रोजी गडाच्या घाटात एसटी बस दरीत कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला आणि अनेक प्रवासी जखमी झाले. अशा वेळी पहिला फोन किती लवकर लागतो, याला मोल असते.

तरीही कोणत्याही गावात टॉवरच्या पायाचा खड्डा खणला गेला की शेजारच्या घरांत धास्ती शिरते. ‘रेडिएशनने कॅन्सर होतो’ अशी चर्चा सुरू होते, ग्रामसभेत विषय येतो आणि ना हरकत दाखला नाकारण्याचा ठराव होतो. पुढे हा ठराव न्यायालयात टिकत नाही आणि गावाला वाटते, आपले कोणी ऐकलेच नाही. असे का होते, आणि गावाच्या आरोग्याचे रक्षण खरोखर कुठे करता येते, हे समजून घ्यायला हवे.

अधिकार कोणाचा?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत टपाल, तार, दूरध्वनी आणि बिनतारी संदेशवहन हे विषय केंद्राच्या सूचीत ३१ व्या क्रमांकावर आहेत. परवाना, लहरींचे वाटप आणि रेडिएशनची मर्यादा हे सारे केंद्र ठरवते. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली, पण दूरसंचार त्यात नाही.

जागा आणि बांधकामाच्या बाबतीत मात्र स्थानिक संस्थेचा संबंध येतो. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी परवानगीला मुदत घालून दिली. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीने खासगी जागेवरील टॉवरसाठी स्थानिक परवानगीची अट काढली. आता कंपनीने लेखी माहिती आणि बांधकामाच्या मजबुतीचा अभियंत्याचा दाखला द्यायचा असतो. २०२३ चा दूरसंचार कायदा आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले नवे नियमही याच दिशेने जातात. सांगली जिल्ह्यातील चिखलहोळ ग्रामपंचायतीने रेडिएशनच्या भीतीने टॉवरचे काम थांबवण्याचा ठराव केला होता. शास्त्रीय आधार नसल्याने मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

कर आकारण्याचा प्रश्न वेगळा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील प्रकरणात टॉवरवर मालमत्ता कर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला.

विज्ञान काय सांगते?

मोबाइलच्या लहरी रेडिओ लहरींच्याच कुळातल्या. क्ष-किरणांप्रमाणे अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे ऊतींना किंचित उष्णता देणे. आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरवताना या परिणामाच्या पातळीपेक्षा ५० पट खाली रेघ ओढली आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ती आणखी दहापट खाली आणली. १८०० मेगाहर्ट्झसाठी आपल्याकडे मर्यादा दर चौरस मीटरला ०.९ वॅट आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. वीस वॅटचा अँटेना आपली शक्ती एका दिशेला एकवटतो, त्यामुळे झोताच्या दिशेने ती सुमारे हजार वॅटसारखी भासते. झोताच्या अगदी समोर ५० मीटरवर ती दर चौरस मीटरला सुमारे ०.०३ वॅट उरते. अंतर दुप्पट झाले की शक्ती एक चतुर्थांश होते. एका टॉवरवर अनेक अँटेना असतात, म्हणून मोजणी सगळ्यांची मिळून करावी लागते. शिवाय झोत जवळपास आडवा जातो, त्यामुळे टॉवरच्या थेट पायथ्याशी तो सहसा क्षीण असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘२ ब’ गटात टाकल्या, हे खरे आहे. ‘शक्यता नाकारता येत नाही, पुरावा मर्यादित’ असा या गटाचा अर्थ. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. संघटनेसाठी केलेला ६३ अभ्यासांचा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात त्यात संबंध आढळला नाही.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. टॉवर दूर असला, रेंज क्षीण असली की फोन आपली शक्ती वाढवतो. तो तर कानालाच लावलेला असतो. म्हणजे टॉवर गावाबाहेर घालवल्याने लहरींचा डोस कमी होईलच असे नाही. उलट फोनमुळे तो वाढू शकतो.

खरा धूर कुठे आहे?

टॉवरच्या पायथ्याशी अनेकदा डिझेल जनरेटर असतो. वीज गेली की तो सुरू होतो. डिझेलचा धूर त्याच संस्थेने २०१२ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या घटकांत टाकला. ‘२ ब’ मधल्या लहरींसाठी ग्रामसभा तापते आणि पहिल्या गटातल्या धुराविषयी कोणी बोलत नाही.

आवाजाचेही तसेच आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जनरेटरच्या आवरणापासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. रात्रीच्या आवाजाने झोपमोड होते, आणि सततच्या गोंगाटाचा रक्तदाबाशी संबंध दिसून आला आहे. याविषयी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा पोलिसांकडे तक्रार करता येते.

म्हणून ‘टॉवर नको’ अशा ठरावाऐवजी ग्रामसभेने काही साध्या प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. मजबुतीचा दाखला कुठे आहे? जनरेटरची जागा घरांपासून, शाळेपासून, दवाखान्यापासून किती दूर आहे? धुराड्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे? बॅटरी किंवा सौरऊर्जेची सोय होईल का? अर्थिंग आणि कुंपण कसे आहे? रेडिएशनची शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर टॉवरची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीही मागवता येते. मोजणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला तर निम्मी भीती तिथेच ओसरते.

लहरींची मर्यादा गाव ठरवू शकत नाही. पण पायथ्याचा धूर, रात्रीचा आवाज आणि ढिसाळ बांधकाम यांवर गावाचे लक्ष असू शकते. ऐन यात्रेत रेंज मिळावी आणि शेजारच्या घरातल्या बाळालाही शांत झोप लागावी, यासाठी ग्रामसभेने जोर लावायचा तो इथे.