रायपूरच्या आडव्या थरांत पाईल: कोणता गुणांक घ्यायचा?

रायपूर परिसरात बोअर घेतला की वरचा थर थोड्या अंतरावर बदललेला दिसतो. कुठे काळी चिकण कन्हार, कुठे पिवळसर मटासी, कुठे जांभ्यासारखी भाटा. (ही शेतकऱ्यांची नावे, बोअरच्या नोंदीतही जरूर लिहा.) खाली झिजलेला शेल आणि छत्तीसगड खोऱ्याचा चुनखडक, जवळजवळ आडव्या थरांत. आपला प्रश्न या आडवेपणातून निघतो.

आडव्या पापुद्र्यांचा शेल पत्त्यांच्या कॅटासारखा वागतो. वरून दाबला तर ताठ, पण पत्ते एकमेकांवर सहज सरकतात. अशा असमदिक् द्रव्याला पाच स्थिरांक लागतात: उभा आणि आडवा यंग गुणांक, दोन प्वासाँ गुणोत्तरे, आणि उभ्या प्रतलातला कर्तन गुणांक. समदिक् द्रव्यात कर्तन गुणांक यंग गुणांकावरून काढता येतो. इथे तो स्वतंत्र असतो, मोजावाच लागतो.

पाईल भाराखाली दबते तेव्हा भोवतालची माती तिच्यासोबत खाली ओढली जाते. पाईलच्या उभ्या पृष्ठावर जेवढा कर्तनताण, तेवढाच पूरक ताण आडव्या थरसपाटीवर येतो. म्हणजे पत्ते सरकू लागतात. रँडॉल्फ आणि रॉथ यांचे १९७८ चे सूत्र असे:

खचणे = घर्षणताण × त्रिज्या × झीटा ÷ कर्तन गुणांक

झीटा हा प्रभावत्रिज्या व पाईलत्रिज्या यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. साधारण ४ धरू. आता मानलेले आकडे घ्या. व्यास ६०० मिमी, घर्षणताण १०० किलोपास्कल, शेलचा उभा यंग गुणांक ६० मेगापास्कल, प्वासाँ गुणोत्तर ०.२५. समदिक् मानल्यास कर्तन गुणांक ६० ÷ २.५ = २४ मेगापास्कल, आणि खचणे ५ मिमी. थरांमुळे खरा गुणांक १२ असेल तर १० मिमी. फरक किरकोळ नाही: आयएस २९११ भाग ४ नुसार या व्यासाच्या एकेरी पाईलच्या भारचाचणीत १२ मिमी खचण्याच्या भाराचा दोन-तृतीयांश भाग हा सुरक्षित भाराचा एक निकष आहे.

थर अनेक असल्याने पाईलचे आडवे काप करा. प्रत्येक कापाला त्याच्या थराची स्प्रिंग द्या. दर मीटर लांबीस तिची ताठरता २π × कर्तन गुणांक ÷ झीटा. थरांच्या सीमेवर खचणे आणि अक्षीय बल सलग राहते, ताठरता मात्र एकदम बदलते. सगळ्या थरांची सरासरी काढून एकच गुणांक वापरू नका: कोणत्या थरात घर्षण आधी संपते, हे मग दिसतच नाही. कन्हारीत तर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात फुगवटा पाईलला वर ढकलतो, म्हणून तिथले घर्षण हिशेबातून वगळणेच शहाणपणाचे.

आडव्या भाराला वरचे काही मीटरच महत्त्वाचे, आणि तिथे आडवी ताठरता लागते. प्रयोगशाळेत नमुना उभा दाबून ती मिळत नाही. भोकात फुगवून बाजूला दाब देणारा प्रेशरमीटर योग्य.

चुनखडकातली पोकळी मात्र यातल्या कोणत्याही स्प्रिंगमध्ये येत नाही. त्यासाठी टोकाच्या पातळीखाली आणखी काही व्यास खोल भोक पाडून पाहावे लागते, आणि तेही शक्यतो प्रत्येक पाईलच्या जागी.