पाऊण वॅटचा पसारा

15 ऑगस्ट 1965 च्या रात्री न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स गायला उभे राहिले, तेव्हा समोर 55,600 माणसं होती. त्या दौऱ्यासाठी व्हॉक्स कंपनीने गिटारींना 100 वॅटचे खास अ‍ॅम्प्लिफायर बनवून दिले होते. शंभर वॅट म्हणजे पूर्वी आपल्या घरोघरी लटकायचा तो पिवळा दिवा. गाण्याचा आवाज तर स्टेडियमच्या कर्ण्यांतूनच सोडला होता, म्हणजे सामन्याच्या वेळी खेळाडूंची नावं पुकारायची जी व्यवस्था असते तिच्यातून. पोरींच्या किंकाळ्यांपुढे हे सगळं वाहून गेलं. चौघांना स्वतःचं वाजवणंही धड ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर नऊच वर्षांनी, 23 मार्च 1974 ला, सॅन फ्रान्सिस्कोला खेटून असलेल्या डेली सिटीतल्या काउ पॅलेसमध्ये ग्रेटफुल डेड या बँडने आपल्या पाठीमागे एक भिंत उभी केली. सुमारे 600 स्पीकर, 26,400 वॅट, तीन मजल्यांची उंची आणि 75 टन वजन. तिचं नावच पडलं ‘वॉल ऑफ साउंड’. या आकड्यांनी कुणाचेही डोळे विस्फारतील, पण मला त्यांच्यामागचं गणित जास्त थक्क करतं.

बीटल्सच्या तीन गिटारींचे मिळून 300 वॅट धरले, तर भिंतीची वीज त्याच्या 88 पट झाली. आवाज किती पट वाढला? स्पीकर सारख्याच गुणाचे मानले तर कानाला तो चौपटसुद्धा वाटत नाही. वीज दुप्पट केली की आवाज 3 डेसिबलनी वाढतो आणि तो फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला वीज दहापट लागते, आणखी दुप्पट वाटायला शंभरपट. एवढी भिंत नुसत्या मोठ्या आवाजासाठी बांधणं हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला असता. ती बांधली होती स्वच्छ आवाजासाठी.

आपल्याकडे मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती लागतात तेव्हा छाती हादरते, खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि गाण्याचे शब्द मात्र कळत नाहीत. तिथे अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या शेवटच्या दमावर चालवलेला असतो. संगीत एका पातळीवर वाहत नाही. ड्रमवर काठी पडते त्या क्षणी सरासरीच्या दहापट, कधी शंभरपट ताकद लागते. ती शिल्लक नसेल तर ध्वनिलहरीचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. ग्रेटफुल डेडचा ध्वनितंत्रज्ञ ऑस्ली स्टॅन्ली आणि त्याच्या सोबतच्या तंत्रज्ञांनी 26,400 वॅट जमवले ते या शिलकीसाठी. भिंत आपल्या ताकदीच्या बरीच खाली, आरामात गात असे.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. नेहमीच्या पद्धतीत सगळी वाद्यं आणि गळे एकत्र मिसळून त्याच स्पीकरांतून बाहेर पडतात. एकच पुठ्ठ्याचा पडदा खर्जही हलवतो आणि झांजही, आणि दोन्ही एकमेकांना मळवतात. इथे प्रत्येक वाद्याला स्वतःचे स्पीकर दिले होते. बँडमधल्या फिल लेशच्या बेस गिटारच्या तर चारही तारांना वेगवेगळी वाट होती, एकेका तारेचा आवाज आपापल्या स्पीकरांतून यायचा. त्या गिटारच्या सर्वांत खालच्या सुराची एक लहर 8 मीटरहून लांब असते, आपल्या दिवाणखान्यात मावणारसुद्धा नाही. उलट झांजेच्या वरच्या झणत्काराची लहर साडेतीन सेंटिमीटरची, बोटाच्या दोन पेरांएवढी. स्पीकर लहानमोठे का असतात आणि ते उंच स्तंभांत का रचले, याचं उत्तर या दोन मापांत आहे.

भिंत वादकांच्या मागे असल्यामुळे त्यांनाही तेच ऐकू यायचं जे श्रोत्यांना. शे स्टेडियममधलं दुःखच मिटलं म्हणायचं. पण स्पीकर माइकच्या पाठीशी आले की माइक शिट्टी मारणार, हे कुठल्याही सत्यनारायणाच्या मांडवात पाहायला मिळतं. आणि इथे तर तीन मजली स्पीकर पाठीशी! त्यावरचा उपाय मला सगळ्या टनावारी सामानापेक्षा देखणा वाटतो. प्रत्येक गायकासमोर दोन माइक, मध्ये फक्त 60 मिलिमीटर अंतर, आणि दोघांची जोडणी उलटसुलट. भिंतीचा आवाज दोन्ही माइकवर जवळपास सारखाच पडतो, म्हणून एकमेकांतून वजा होतो. गायक तोंड लावतो ते वरच्याच माइकला, त्यामुळे त्याचा गळा तेवढा शिल्लक राहतो.

हे सगळं गावोगाव न्यायला चार मोठे ट्रेलर आणि 21 माणसं लागत. उभारायला इतका वेळ जाई की मंचाचे दोन सांगाडे ठेवले होते. एका गावात गाणं चालू असताना दुसरा सांगाडा पुढच्या गावात उभा राहत असे. असा संसार पेलणं शक्य नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमधल्या कार्यक्रमांनंतर भिंत कायमची उतरवली.

वजनाचा प्रश्न मात्र कोणत्याही फिरत्या बँडला चुकत नाही. म्हणूनच दौऱ्याआधी आयोजकाच्या हाती ‘रायडर’ नावाचा जाडजूड मसुदा पडतो. मंच किती रुंद, जमिनीने किती भार पेलायचा, छताला किती टांगायचं, वीज कुठे आणि किती, सगळं त्यात असतं. व्हॅन हेलन या बँडच्या रायडरमध्ये एक अट होती, की खाऊच्या वाडग्यात तपकिरी रंगाची एकही एम अँड एम गोळी नको. लोकांनी त्यांना माजोरडे ठरवलं. गायक डेव्हिड ली रॉथने पुढे आत्मचरित्रात उलगडा केला. ते नऊ अवाढव्य ट्रक घेऊन फिरत, आणि वाडग्यात तपकिरी गोळी दिसली की कळे, मसुदा कुणी वाचलेलाच नाही, आता पूर्ण मंच तपासायला हवा. कोलोरॅडोतल्या प्वेब्लोमध्ये वजनाची अट न वाचल्यामुळे त्यांचा मंच क्रीडागृहाच्या नव्या जमिनीत खचला होता. मला ती अट फार शहाणपणाची वाटते. डोक्यावर टनावारी लोखंड टांगलेलं असताना कुणी ओळ न ओळ वाचली आहे की नाही, हे जाणून घ्यायचा दुसरा कोणता मार्ग होता?

आयर्न मेडन या बँडने तर रस्ताच सोडला. 1 फेब्रुवारी 2008 ला त्यांनी आपल्या जगदौऱ्याची सुरुवात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर केली. तिथे ते आले स्वतःच्या बोइंग 757 मधून, मागच्या भागात 12 टन सामान घालून. आणि विमान चालवणारा कॅप्टन होता त्यांचाच गायक, ब्रूस डिकिन्सन. त्याच्या पुढच्या वर्षी यू टू या बँडने मैदानाच्या मधोमध चार पायांचा, 50 मीटर उंचीचा पोलादी पंजा उभा करायला सुरुवात केली. तसे तीन पंजे जगभर आळीपाळीने फिरत होते. दोन वर्षांत 110 कार्यक्रम, 70 लाखांहून जास्त तिकिटं.

लोखंड, वीज, ट्रक यांना पैसे ओतून तरी आवरता येतं. हवेला नाही. आवाज सेकंदाला जेमतेम 343 मीटर चालतो. ड्रम मिनिटाला 120 ठोके देत असेल, तर 171 मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला पहिला ठोका ऐकू येतो तेव्हा डोळ्यांसमोर दुसऱ्या ठोक्याची काठी खाली येत असते. मागच्यांसाठी मैदानात मध्येच स्पीकरचे मनोरे उभे करावेत, तर तारेतून वीज क्षणात पोहोचते, मंचावरचा आवाज मागाहून रांगत येतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. 28 जुलै 1973 ला न्यू यॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या मोटारशर्यतीच्या मैदानावर सुमारे सहा लाख माणसं जमली. ग्रेटफुल डेड, द बँड आणि ऑलमन ब्रदर्स वाजवणार होते. तिथे मनोऱ्यांचा आवाज इव्हेंटाइड कंपनीच्या नव्या डिजिटल यंत्रांनी मुद्दाम अडवून धरला, 200 फुटांमागे 0.175 सेकंद. मंचावरून निघालेली लहर मनोऱ्यापाशी पोहोचली की मनोऱ्यानेही तेव्हाच तोंड उघडायचं. तंत्रज्ञाला रात्रीवरही नजर ठेवावी लागते, कारण हवा दहा अंशांनी गार झाली की आवाज सेकंदाला सहा मीटरनी मंदावतो.

त्या सहा लाखांचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. प्रत्येकाच्या कानाशी 100 डेसिबल आवाज पोहोचला असं धरू, म्हणजे कानठळ्या बसायला थोडाच कमी. त्या पातळीला एका चौरस मीटरवर वॅटचा शंभरावा भाग येऊन पडतो. कानाचा पडदा करंगळीच्या नखाएवढा, अर्ध्या चौरस सेंटिमीटरहून जरा मोठा. त्याच्या वाट्याला येतो वॅटच्या दशलक्षाव्या भागातला अर्धा-पाऊण हिस्सा. इतकंसं त्याला भरपूर होतं, कारण अगदी मंद आवाजाला तर हा पडदा हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी हलतो आणि तरी आपल्याला ऐकू येतं. आता गुणा: बारा लाख पडदे, सगळे मिळून पाऊण वॅटच्या आतबाहेर.

बाकीची वीज स्पीकरांच्या वेटोळ्यांत उष्णता होऊन विरली, हवेत गेली, गवतात, माणसांच्या कपड्यांत, ट्रकांच्या पत्र्यांवर, आभाळात. बारा लाख पडदे हलवायला लागला तो शे स्टेडियमवरच्या एका गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही.