पायाऐवजी हाताने चालणारी मोटार

लहान मुलाने आत बसून चालवायची बॅटरीची मोटार आपल्या वर्गातल्या बहुतेक घरांत आहे, किंवा कधी तरी होती. फहाहीलच्या फ्लॅटमध्ये ती एक तर गॅलरीत पडलेली असते, नाही तर खाली पार्किंगमध्ये हारिसच्या खोलीशेजारी. वाढदिवसाला गाडी येते, दोन महिने धावते, मग बॅटरी बसते आणि गाडीवर टॉवेल वाळत पडलेले दिसतात. ज्यांना नवी घ्यायची नसते ते अल-रायच्या शुक्रवारच्या बाजारातून, म्हणजे सूक अल-जुमामधून, कोणाची तरी जुनी उचलून आणतात. अशा गाडीत घरच्या घरी कोणते बदल करता येतात आणि कोणते करू नयेत, ते या लेखात सांगायचे आहे. बहुतेक बाबांना (आणि झाडून सगळ्या मुलांना) एकच बदल सुचतो, तो म्हणजे वेग वाढवणे. माझ्या मते तो सर्वांत निरुपयोगी बदल आहे. का, ते पुढे येईलच. आधी गाडीचे पोट उघडून पाहू.

सीट काढली की खाली विटेएवढी काळी बॅटरी दिसते. ती शिसे आणि आम्लाचीच असते, पण बंद डब्यातली, आम्ल न सांडणारी. तिच्यावर बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास असे छापलेले असते. अगदी लहान गाड्यांत ६ व्होल्ट. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज असतो. मराठी विज्ञानाच्या पुस्तकात त्याला वितळतार म्हणतात, आणि हे नाव इंग्रजी नावापेक्षा जास्त काही सांगते. मागच्या चाकांजवळ दोन छोट्या मोटारी असतात. त्या मिनिटाला हजारो फेरे फिरतात. चाकाला इतके फेरे नको असतात, त्याला जोर हवा असतो. म्हणून मध्ये दातेरी चाकांची एक बंद पेटी बसवलेली असते. छोटे चाक मोठ्याला फिरवते, त्या मोठ्याच्या आसावरचे छोटे चाक पुढच्या मोठ्याला, असे करत करत फेरे कमी होतात आणि जोर वाढतो. हे दाते बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचे असतात, एवढे लक्षात ठेवा.

'हळू' आणि 'जोरात' असा खटका ज्या साध्या गाड्यांत असतो, त्यांची करामत पाहण्यासारखी आहे. शाळेत तुम्ही ज्याला सिरीज आणि पॅरलल म्हणता, त्याला मराठीत एकसर आणि समांतर जोडणी म्हणतात. आजीच्या गळ्यातला मोत्यांचा सर आठवा. एकाच दोऱ्यात एकामागून एक मोती, म्हणून तो एकसर. दोन मोटारी अशा एकामागून एक जोडल्या की बॅटरीचे १२ व्होल्ट दोघींत वाटले जातात. प्रत्येकीला ६ मिळतात आणि गाडी हळू चालते. खटका दुसरीकडे टाकला की त्याच मोटारी समांतर होतात, प्रत्येकीला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि गाडी जोरात जाते. जोरात म्हणजे तरी किती? ताशी साधारण ५-६ किलोमीटर, मोठ्या माणसाच्या भरभर चालण्याइतके. शेजारून चालणाऱ्या आईला हात घालून गाडी थांबवता येते ती यामुळेच.

आता वेग वाढवायचा म्हणून कोणी १२ ऐवजी १८ व्होल्टची, ड्रिल मशिनची वगैरे, बॅटरी लावतो. गाडी दीडपट पळते, मुले टाळ्या पिटतात. पण गाडी चढावर अडली किंवा भिंतीला टेकली की प्रवाहही दीडपट होतो, आणि मोटार व तारा तापतात त्या प्रवाहाच्या वर्गाने: १.५ गुणिले १.५, म्हणजे सव्वादोन पट. २४ व्होल्ट लावले तर चौपट. तारा त्याच, दाते तेच, थांबवण्याची सोयही तीच. मग फ्यूज वारंवार जाऊ लागतो आणि त्याच्या जागी कोणी तरी तांब्याची जाड तार घालतो. गावाकडे मेन स्विचमध्ये असे करणारे एक काका प्रत्येक वाड्यात असत. वितळायची तार वितळू दिली नाही, तर तिच्या वाट्याची उष्णता दुसरीकडे कुठे तरी जाणारच, आणि इथे दुसरीकडे म्हणजे मुलाच्या सीटखाली. ही नुसती भीती नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेत 'पॉवर व्हील्स' जातीच्या सुमारे १ कोटीपर्यंत गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या, कारण त्यांतले विजेचे भाग तापून आगी लागल्या होत्या. त्या तर कारखान्यातून आलेल्या गाड्या होत्या. आपल्यापैकी पुष्कळ जण तेल कंपन्यांत आणि रिफायनरीत काम करतात. तिथे परवाना आल्याशिवाय आणि वीज तोडल्याशिवाय एका नटाला पाना लागत नाही. तेच सद्गृहस्थ सुट्टीच्या दिवशी घरी बॅटरी न काढता तारा कापताना मी पाहिले आहेत!

चाकांना रबर लावण्याचा बदल मात्र चांगला आहे. गुळगुळीत प्लास्टिकची चाके फरशीवर घसरतात आणि इतका आवाज करतात की खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. सायकलच्या जुन्या टायरची पट्टी कापून चाकावर घट्ट ताणून बसवावी आणि आखूड स्क्रूंनी पक्की करावी. यात एक मेख आहे. चाक घसरते तेव्हा ते दात्यांना वाचवत असते. रबरामुळे घसरणे थांबले की सगळा हिसका दात्यांवर येतो. म्हणून रबर लावले तर गाडी 'हळू'वरच ठेवावी, आणि पुढे जाता जाता एकदम मागचा गिअर टाकायचा नाही हे मुलाला शिकवावे.

असो. गाडी कोणासाठी सुधारायची, हा खरा प्रश्न आहे. १९२६ मध्ये फ्रान्समध्ये एत्तोर बुगाती या प्रसिद्ध मोटार कारखानदाराने आपल्या धाकट्या मुलासाठी, रोलांसाठी, शर्यतीच्या गाडीची अर्ध्या मापाची विजेवर चालणारी प्रतिकृती बनवली. ती इतकी आवडली की पुढे विक्रीसाठीही तशा गाड्या तयार झाल्या. म्हणजे ही कल्पना जवळजवळ शंभर वर्षे जुनी आहे, आणि तिची सुरुवात एका मुलाचे माप घेऊन झाली. तिला पुढे फार चांगले वळण दिले ते अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात तेव्हा प्राध्यापक असलेल्या कोल गॅलोवे यांनी. ज्या लहान मुलांना चालता येत नाही त्यांना बाजारातल्या साध्या बॅटरीच्या गाड्या बदलून द्यायच्या, असा हा 'गो बेबी गो' नावाचा उपक्रम आहे. त्यामागचा विचार साधा आहे. साधारण वर्षाचे मूल चालू लागले की दिसेल तिकडे जाते, हात घालते, पडते, आणि त्यातून शिकते. ज्याला चालता येत नाही त्याला कोणी तरी उचलून नेते. नेणारा नेईल तिथेच ते जाते. स्वतःला हवे तिकडे जाणे हे त्याच्या वाट्याला येतच नाही. चाकांची खुर्ची इतक्या लहान वयात सहसा दिली जात नाही, आणि मोटारीची असली तर ती फार महाग असते.

आमच्या इमारतीत चार वर्षांची एक मुलगी आहे. तिच्या पायांत जोर नाही, हात मात्र चांगले आहेत. तिच्या मोठ्या भावाची जुनी गाडी घरात होती. तिला आत बसता येई, पण पेडल दाबता येत नसे, आणि दर वेळी भाऊच चालवी. तिच्या बाबांनी आणि मी मिळून ती गाडी हाताने चालणारी केली. त्यात जे करावे लागले ते सविस्तर सांगतो, कारण वरवर सोपे दिसणारे हे काम एका ठिकाणी धोक्याचे आहे.

प्रथम बॅटरीची तार काढा. मग पेडलखालचा खटका सोडवून बघा. त्याला दोन तारा आहेत की तीन, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. रिमोटवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत बहुधा दोनच असतात. पेडल फक्त आतल्या सर्किट बोर्डाला खूण देते. तिथे हाताच्या बटणाच्या दोन तारा पेडलच्या दोन तारांना समांतर जोडल्या की काम झाले.

जुन्या पद्धतीच्या पुष्कळ गाड्यांत मात्र तीन तारा असतात. पहिली मोटारीच्या एका टोकाकडे जाते, दुसरी बॅटरीकडे आणि तिसरी मोटारीच्या दुसऱ्या टोकाकडे. पाय दाबलेला असतो तेव्हा पहिली आणि दुसरी जोडलेल्या असतात, आणि गाडी चालते. पाय उचलला की पहिली सुटून तिसरीला जोडली जाते, म्हणजे मोटारीची दोन्ही टोके एकमेकांना मिळतात. वेगात असलेली मोटार त्या क्षणी जनित्र बनते, आणि तिने तयार केलेली वीज तिलाच फिरण्यापासून अडवते. गाडी जागच्या जागी थांबते. हाच तिचा ब्रेक. पायाने दाबायचा वेगळा ब्रेक त्यात नसतो.

आता समजा कोणी साधे दोन तारांचे बटण घेऊन ते पहिल्या आणि दुसऱ्या तारेला लावले. पेडलवर पाय नाही, म्हणून पहिली आणि तिसरी आधीच जोडलेल्या आहेत. त्यात बटण दाबून पहिली आणि दुसरीही जोडली. म्हणजे बॅटरीची दोन्ही टोके मोटारीला वगळून सरळ एकमेकांना भिडली! फ्यूज असेल तर तो जाईल, नसेल तर तार पेटेल. बरे, हे टाळण्यासाठी तिसरी तार कापून टाकली, तर गाडी चालेल छान, पण हात उचलल्यावर थांबणार नाही. पार्किंगचा उतार रस्त्यावर उघडतो हे फहाहीलकरांना सांगायला नको.

यावर उपाय म्हणजे पेडलचा खटका पूर्ण काढून त्याच्या जागी रिले बसवणे. मोटारींच्या हॉर्नला आणि दिव्यांना असतो तोच १२ व्होल्टचा, पाच टोकांचा रिले चालतो. शुवैखच्या औद्योगिक भागात मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात तो सहज मिळतो. चार टोकांचाही मिळतो, पण तो इथे उपयोगाचा नाही. टोकांवर आकडे छापलेले असतात. पेडलची पहिली तार ३० या टोकाला, दुसरी ८७ ला, तिसरी ८७ए ला. राहिलेली ८५ आणि ८६ ही आतल्या तारेच्या गुंडाळीची टोके. त्यांना फ्यूजच्या आणि मुख्य खटक्याच्या पुढून बॅटरीची वीज द्यायची, आणि त्या वाटेत आपले बटण बसवायचे. गुंडाळीला पाव अँपिअरही लागत नाही, त्यामुळे बटण हलके चालते आणि तापत नाही. ६ व्होल्टच्या गाडीला मात्र ६ व्होल्टचाच रिले लागेल.

बटण मोठे, तळहाताएवढे असावे, आणि दाबले की अडकून राहणारे नसावे. हात उचलला की ते सुटलेच पाहिजे. आम्ही ते स्टिअरिंगच्या मधोमध बसवले. खाली जाणाऱ्या तारेला थोडी ढील ठेवावी, नाही तर स्टिअरिंग वळवताना ती तुटते. पाठीला आधार म्हणून पोहायला शिकताना धरतात ती फोमची फळी लावली, बाजूंना नळाच्या प्लास्टिकच्या पाइपवर फोम गुंडाळून कठडे केले, आणि छातीवरून व कमरेवरून रुंद पट्टे घेतले. मुलाला कसे बसवायचे, मान आणि कंबर कुठे धरायची, हे आपण ठरवू नये. त्या मुलीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना गाडी दाखवली, तेव्हा त्यांनी सीट दोन बोटे पुढे घ्यायला सांगितली.

पहिली चाचणी मूल न बसवता करावी. गाडीची मागची चाके अधांतरी राहतील अशा तऱ्हेने तिच्या पोटाखाली विटा ठेवाव्यात. बटण दाबा, सोडा. सोडताच चाके थांबली पाहिजेत, रेंगाळता कामा नयेत. पुढच्या आणि मागच्या गिअरमध्ये दहा-दहा वेळा करा. मग आत तांदळाची गोणी ठेवून सपाट जागेत चालवा.

कुवेतच्या उन्हाबद्दल दोन शब्द. इथल्या मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे गॅलरीतली बॅटरी एका उन्हाळ्यात म्हातारी होते. गाडी बाहेर राहू द्या, बॅटरी घरात आणा. जूनमध्ये भारतात जाताना ती पूर्ण चार्ज करून, तारा काढून, घरातल्या थंड कपाटात ठेवा. अर्धवट चार्ज असलेली बॅटरी दोन महिन्यांत आतून गोठल्यासारखी होते आणि परत आल्यावर चार्ज घेत नाही. चार्जर बॅटरीबरोबर आलेलाच वापरावा, आणि चार्जिंग घरात कोणी जागे असताना करावे. धुळीच्या वादळानंतर चाकांजवळची वाळू कोरड्या रंगाच्या ब्रशने झाडावी. पाण्याचा पाइप लावू नये.

सजावटीबद्दल मी काही सांगत नाही. विदर्भातली मुले तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल कसे नटवतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना शिकवावे लागणार नाही. त्या मुलीने स्वतः गाडीला पिवळ्या रंगाची नंबर प्लेट लावली आहे, आणि हारिसने तिच्यासाठी पार्किंगची एक जागा आखून दिली आहे. भाऊ आता मागे धावतो.

ज्यांना पेडलच्या तीन तारा प्रत्यक्ष बघायच्या असतील, त्यांनी पुढच्या शुक्रवारी वर्ग सुटल्यावर थांबावे. एक मोडकी गाडी आणून ठेवतो. येताना प्रत्येकाने स्क्रू ड्रायव्हर आणि स्क्रू ठेवायला एक वाटी आणावी. मुलांबरोबर एक मोठे माणूस हवेच.