समुद्राच्या पाण्याची जुनी रेषा

बोअरवेलचे पाणी भरून ठेवलेल्या बादलीत, पाण्याच्या रेषेवर, काही दिवसांनी पांढरट थर बसतो. बादली रिकामी केली तरी पाणी कुठपर्यंत होते, हे त्या थरावरून कळते. लाखो वर्षांपूर्वी समुद्र किती उंच होता, हे शास्त्रज्ञ जवळजवळ असेच ओळखतात.

स्पेनच्या मायोर्का बेटावर किनाऱ्यालगत चुनखडीच्या अनेक गुहा आहेत. त्यांच्या तळाशी साचलेले निमखारे पाणी आतून समुद्राशी जोडलेले असते, त्यामुळे समुद्र चढला की तेही चढते. पाण्याच्या पृष्ठभागावरून कार्बन डायऑक्साइड वायू निसटतो आणि विरघळलेला चुना छतातून लोंबणाऱ्या, पाण्यात बुडालेल्या सुळक्यांभोवती बसू लागतो. हळूहळू तिथे जाडसर कडे तयार होते. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक फार थोडा असल्याने ही रेषा नेमकी उमटते.

मग वय कसे ठरते? चुन्यात पाण्यातले किंचित युरेनियम अडकते. ठरावीक गतीने त्याचे थोरियम आणि शेवटी शिसे होते. या मूलद्रव्यांचे प्रमाण मोजले की कडे कधी तयार झाले ते समजते. फार जुन्या कड्यांसाठी शिसे मोजावे लागते.

ओआना दुमित्रू, बोगदान ओनाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बेटावरच्या आर्ता गुहेतली कडी तपासली. ती आजच्या समुद्रापेक्षा सुमारे २२ ते ३२ मीटर उंचीवर आहेत. जमीन दरम्यान वर उचलली गेली होती. तो हिशेब वजा करून २०१९ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा अंदाजे १६ मीटर उंच होता. अंदाजाची कक्षा मोठी, साधारण साडेपाच ते १९ मीटर आहे. पण त्या काळी पृथ्वी औद्योगिक युगापूर्वीपेक्षा दोन-तीन अंशांनीच उष्ण होती आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत ४०० च्या आसपास होता. आज आपण ४२० च्या पुढे गेलो आहोत.

मग समुद्र इतका वर का आला नाही? कारण बर्फ वितळायला शतके, कधी सहस्रके लागतात. ओपीडीत रक्तदाब १८० निघालेला रुग्ण म्हणतो, “डॉक्टर, मला तर काहीच त्रास नाही.” तो खोटे बोलत नसतो. मूत्रपिंड आणि डोळ्यांवरचा परिणाम पुढे दिसतो. १९०० पासून जगभरात समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आहे. ही सुरुवातीची लक्षणे आहेत.

मुंबईचे अनेक भाग भराव टाकून वसले आहेत. तिथे एक मीटरही पुष्कळ होतो. रक्तदाबाच्या रुग्णाला मी जे सांगतो, तेच इथेही लागू पडते: त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. उपचार जितके लवकर, तितके नुकसान कमी.