प्रतिनिधित्वाचे माप : सोनगीर ते जिनिव्हा

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूरकडे निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर सोनगीर लागते. या गावाची ओळख दोन गोष्टींनी सांगतात : किल्ला आणि तांबटांनी ठोकून घडवलेली तांब्या-पितळेची भांडी. भांडे ही आपल्या दृष्टीने साधी वस्तू नाही. अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावच्या अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात ही घटना नोंदवून ठेवली आहे. त्या स्त्रियांना ऐपत होती, बाजार खुला होता, कायद्याची मनाई नव्हती. तरीही ते भांडे त्यांच्या डोक्यावर शोभत नाही, असे गावाने ठरवले होते.

आंतरराष्ट्रीय संघटनांतील नोकऱ्यांचा विचार करताना हा प्रसंग आठवतो, तो यासाठी. तिथेही जाहिरात सर्वांसाठी असते, मनाई कोणालाच नसते. विविधता, समता आणि समावेशन हे शब्द या संघटनांच्या प्रत्येक धोरणपत्रात असतात. विविधता म्हणजे आत कोण कोण आहे. समता म्हणजे आत येण्याची वाट सर्वांना चालता येते की नाही. समावेशन म्हणजे आत आलेल्याच्या शब्दाला वजन आहे की नाही. या तिन्ही कसोट्या आपल्या माणसांना लावल्या तर काय दिसते, ते पाहिले पाहिजे.

गुणवत्तेचा वाद सनदेने मिटवला आहे

राखीव जागांचा विषय निघाला की 'मग गुणवत्तेचे काय?' हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर फेकला जातो. त्यांनी १९४५ सालची संयुक्त राष्ट्रांची सनद वाचावी. तिच्या १०१ व्या कलमात नेमणुकीसाठी कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी यांना सर्वोच्च स्थान दिले आहे. आणि त्याच परिच्छेदात, शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक पायावर माणसे घेण्याचे महत्त्व लक्षात घ्यावे, असेही म्हटले आहे. आपल्या संविधानाच्या ३३५ व्या कलमाशी हे ताडून पाहा. तिथेही अनुसूचित जाती-जमातींचे हक्क आणि प्रशासनाची कार्यक्षमता एकाच वाक्यात बसवलेली आहेत. म्हणजे प्रतिनिधित्व हे कार्यक्षमतेचे शत्रू आहे, असे ना सनदेने मानले, ना संविधानाने.

सनद तत्त्वावर थांबली, महासभेने त्याचे गणित मांडले. सचिवालयातील ठरावीक व्यावसायिक पदांसाठी प्रत्येक देशाचा अपेक्षित वाटा काढला जातो. १९८७ मध्ये महासभेने त्यासाठी जे सूत्र ठरवले त्यात सदस्यत्वाला ४० टक्के, देशाने भरलेल्या वर्गणीला ५५ टक्के आणि लोकसंख्येला ५ टक्के वजन दिले. याला वाटा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? फरक इतकाच, की आपल्याकडे वाटा सामाजिक मागासलेपणावर मागितला जातो आणि तिथे तो बव्हंशी पैशावर ठरतो. पहिल्याला मेहरबानी म्हणतात आणि दुसऱ्याला कोणी नाव ठेवत नाही.

मोजमाप देशाच्या उंबरठ्यावर थांबते

या सूत्रात भारत हा एक आकडा आहे. भारताच्या वाट्याला आलेल्या खुर्च्यांवर भारतातले कोण बसले आहेत, हे विचारण्याची सोय त्यात नाही. २०११ च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यातील जवळजवळ एक तृतीयांश लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची यांपैकी कोणी त्या खुर्चीपर्यंत गेले का, याचे उत्तर त्या आकड्यातून कधीच मिळणार नाही.

जे मोजले जाते ते बदलते, हे स्त्रियांच्या बाबतीत दिसले. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्त्री-पुरुष समप्रमाणाचे धोरण आखले, स्तरागणिक आकडे मांडले आणि वरिष्ठ नेतृत्वात काही वर्षांतच समप्रमाण साधले. २०२० मध्ये वंशभेदाचा प्रश्नही या संघटनेने स्वतःच्या कचेऱ्यांपुरता हाती घेतला. जातीची गोष्ट वेगळी. २००१ च्या दर्बान परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे नेला तेव्हा, जात म्हणजे वंश नव्हे, अशी भारत सरकारची भूमिका होती आणि अंतिम घोषणापत्रात जात आली नाही. पुढच्याच वर्षी वंशभेद निर्मूलन समितीने २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत, वंशपरंपरेवर आधारलेल्या भेदभावात जात येते, असे स्पष्ट केले. शिफारस सरकारांना उद्देशून होती. संघटनांनी ती स्वतःच्या आस्थापना विभागालाही लावावी, ही आपली मागणी असली पाहिजे.

वाट कुठे अडते

सोनगीरच्या एखाद्या शेतमजुराची मुलगी समाजकार्याची पदव्युत्तर परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली, असे धरून चालू. घरात अहिराणी, शाळेत मराठी. इंग्रजी ती पुस्तकातून शिकली, बोलण्यातून नव्हे. जाहिरातीत 'आंतरराष्ट्रीय अनुभव' मागितलेला असतो. तो मिळवण्याचा एक राजमार्ग म्हणजे उमेदवारी, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील उमेदवारी बिनपगारी राहिली आहे. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हा येथे काही महिने स्वखर्चाने राहायचे. २०१५ मध्ये न्यूझीलंडचा एक उमेदवार जिनिव्हात तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली. गोऱ्या, सुशिक्षित तरुणाची ही गत, तर मजुराच्या मुलीने तिकीट कशाच्या बळावर काढायचे? इथे तिची जात कोणी विचारत नाही. बापाची ऐपत विचारली की जात आपोआप गाळली जाते.

१९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीशिवाय भीमराव आंबेडकर कोलंबियाला पोचले नसते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती त्याच वाटेवरची आहे. पण शिष्यवृत्ती विद्यापीठाच्या दारापर्यंत नेते. पुढच्या उमेदवारीची सोय कोणी करत नाही.

आत गेल्यावर

नोकरी मिळाली म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. परदेशातल्या कचेरीत भारतीयांचा घोळका जमतो, तिथे आडनाव, गाव, आहार यांची चौकशी होते आणि त्या चौकशीचा अर्थ गोऱ्या वरिष्ठाला कळत नाही. तक्रार करायची तर नियमावलीत 'जात' हा शब्दच नाही. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल नगर परिषदेने भेदभावबंदीच्या कायद्यात जात घातली, त्याचे मोल आहे. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विधिमंडळाने संमत केलेले असेच विधेयक राज्यपालांनी नाकारले. लढाई किती चिवट आहे, ते यावरून समजावे.

आपण काय मागायचे

मागण्या तीनच, पण नेमक्या हव्यात. उमेदवारीला निर्वाहवेतन द्या. आचारसंहितेत वंश, धर्म, लिंग यांच्या शेजारी जात हा शब्द लिहा. आणि कर्मचाऱ्यांच्या स्वेच्छेने, नावे गुप्त ठेवून, सामाजिक पार्श्वभूमीची मोजणी करा. शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या मुलांना या जाहिराती वाचून दाखवाव्यात, अर्ज लिहून घ्यावेत. अर्जच गेला नाही तर नकाराचा हिशेबही मागता येत नाही.

सोनगीरवरून जाणारा हाच रस्ता धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगपाशी जातो. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथल्या लांडोर बंगल्यात थांबले होते. दरवर्षी त्या दिवशी तिथे माणसे जमतात. पुढे १९४६ च्या जुलैत त्यांनी अमेरिकेतील डू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. ती संघटना तेव्हा एक वर्षाचीही नव्हती. आपले गाऱ्हाणे जगाच्या दारी नेता येते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आता दारी उभे राहून गाऱ्हाणे मांडण्यापुरते थांबायचे नाही. ते ऐकून निर्णय घेणाऱ्यांच्या रांगेत आपली मुले बसली पाहिजेत.