पिंगळ्याचे छायाचित्र आणि प्रकाशाचा जमाखर्च

रायपूर शहराच्या उत्तरेकडील उरला हे औद्योगिक क्षेत्र पोलाद कारखान्यांसाठी ओळखले जाते. अशा गजबजलेल्या परिसराशीही जुळवून घेणारे एक लहानसे घुबड म्हणजे पिंगळा. झाडाची ढोली किंवा जुन्या भिंतीतील पोकळी त्याला निवाऱ्यास पुरते. तिन्हीसांजेला तो बाहेर पडतो आणि रस्त्यावरील दिव्यांभोवती जमणारे कीटक टिपतो. छायाचित्रणाची हौस असणाऱ्यांची अडचण येथेच सुरू होते. कारण पक्षी दिसू लागतो तेव्हा प्रकाश सरत आलेला असतो. अशा वेळी हात सहजच फ्लॅशकडे वळतो.

फ्लॅश का टाळावा?

घुबडाच्या डोळ्यांतील दृष्टिपटलावर मंद प्रकाशाची जाणीव करून देणाऱ्या शलाकापेशींचे प्रमाण मोठे असते. अंधाराला सरावलेल्या अशा डोळ्यांवर अकस्मात प्रखर झोत पडल्यास ते दिपू शकतात. फ्लॅशमुळे कायमची इजा होते, असे सिद्ध झालेले नाही. तथापि शिकारीच्या तयारीत असलेल्या किंवा पिलांना भरविणाऱ्या पक्ष्याच्या कामात व्यत्यय येणे, हेही नुकसानच होय. पिंगळ्याचा विणीचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो. त्या काळात तर विशेष संयम हवा.

प्रकाशाचा हिशेब

कॅमेऱ्यातील प्रकाशाची गणना जमाखर्चासारखीच असते. भिंगाचे छिद्र, शटरचा वेग आणि आयएसओ ही तिची तीन खाती होत. समजा, सूर्यास्तानंतर छिद्र एफ/५.६ आणि आयएसओ ४०० असताना १/४ सेकंद वेळ लागतो. छिद्र एफ/२.८ केल्यास चौपट प्रकाश आत येतो. आयएसओ १६०० केल्यास आणखी चौपट लाभ होतो. दोन्ही मिळून सोळा पट लाभ झाल्याने तेच चित्र सुमारे १/६० सेकंदात घेता येते. अर्थात प्रत्येक लाभाची किंमत मोजावी लागते. मोठ्या छिद्रामुळे स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो, तर आयएसओ वाढविल्यास चित्रात कण उमटतात. डोळे सुस्पष्ट असतील, तर थोडे कण खपून जातात. हललेले चित्र मात्र सुधारता येत नाही.

पिंगळा फांदीवर बराच वेळ निश्चल बसतो, ही छायाचित्रकाराची मोठी जमेची बाजू. कॅमेरा तिपाईवर ठेवून, बटणाला हात न लावता दूरनियंत्रकाने किंवा स्वयंचलित विलंबाने एकापाठोपाठ आठ-दहा चित्रे घ्यावीत. त्यांतील एखादे तरी स्थिर येते. पाठीमागे उजळ आकाश असल्यास पक्षी काळवंडतो. म्हणून उद्भासन थोडे वाढवावे. चित्र रॉ स्वरूपात साठविल्यास पथदिव्यांचा पिवळसर रंग नंतर दुरुस्त करता येतो. ढोलीची जागा आधी पाहून ठेवून सूर्यास्तापूर्वी अर्धा तास तेथे शांत बसणे सर्वांत लाभदायक.

एका चित्राचे मोल

छत्तीसगडचा घुबडांच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. रानपिंगळा या दुर्मिळ पक्ष्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये बसना-फुलझर भागात, म्हणजे आजच्या महासमुंद जिल्ह्यात, एफ. आर. ब्लुइट यांना मिळाला. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीलायक नोंद झाली नाही आणि तो नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो महाराष्ट्रातील शहाद्याजवळ आढळला. दिवसाउजेडी वावरणाऱ्या त्या पक्ष्याची छायाचित्रे व चित्रफीत हा त्याच्या अस्तित्वाचा पुरावा ठरला. एकेकाळी पक्ष्याची नोंद त्याला मारून होत असे. आज ती त्याला न दुखविता होऊ शकते.

म्हणूनच छायाचित्रकाराची जबाबदारी चित्र घेऊन संपत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये घुबडांना संरक्षण असूनही अंधश्रद्धेपोटी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, त्यांची शिकार व विक्री होते. त्यामुळे चित्र अवश्य दाखवावे, पण ढोलीचा पत्ता कोणालाही देऊ नये. प्रकाश अगदीच अपुरा असेल, तर कॅमेरा मिटून केवळ पाहत राहावे. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पिंगळा त्याच फांदीवर निर्धास्तपणे येऊन बसला, तर जमाखर्च बरोबर जुळला असे समजावे.