निसर्गाधिष्ठित बालशिक्षण आणि शिक्षिकेचे आत्मपरीक्षण

निसर्गाधिष्ठित बालशिक्षणाची चर्चा बहुधा साधनांपाशी थांबते. पाने, शिंपले, बिया व माती यांनी विकतच्या साधनांची उणीव भरून काढता येते, एवढे दाखविले की विषय संपला असे मानण्यात येते. वस्तुतः साधन बदलले की शिक्षिकेचे कार्यही बदलते. आत्मपरीक्षण हा मग केवळ तिच्या वैयक्तिक शीलाचा प्रश्न उरत नाही. तो अध्यापनपद्धतीचाच एक भाग बनतो.

माँटेसरी पद्धतीत चूक दाखवून देण्याची योजना साधनातच केलेली असते. दहा खाचांच्या लाकडी ठोकळ्यात एक दंडगोल भलत्या खाचेत गेला, की शेवटी एखादा कोठेच नीट बसत नाही. शिक्षिकेने न सांगताच मुलाला आपली चूक उमगते. शिंपल्यांच्या राशीत अशी योजना नसते. मुलाने ते आकारानुसार मांडले, रंगानुसार मांडले, की आपल्याच एखाद्या खेळाच्या नियमाने मांडले, हे पाहणारीलाच ओळखावे लागते. साधनाने करावयाचे काम येथे निरीक्षणावर येऊन पडते. निरीक्षण पूर्वग्रहदूषित असेल, तर मुलाची सुसंगत मांडणीही ‘पसारा’ ठरते.

या दृष्टीने ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर जिल्हा) कार्य उद्बोधक आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचा आरंभ केला. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी वस्तीच्या अंगणातच वर्ग भरू लागला. त्यातून अंगणवाडी आली. कोसबाडला वारली मुले गुरे राखण्यास जात. तेव्हा वर्ग कुरणात नेण्यात आला व ‘कुरणशाळा’ उभी राहिली. ‘मूल शाळेत का येत नाही?’ या प्रश्नाची जागा येथे ‘शाळा मुलाकडे का जात नाही?’ या प्रश्नाने घेतली. पहिल्या प्रश्नात परीक्षा मुलाची असते, दुसऱ्यात शिक्षिकेची.

यातून हेतूचाही उलगडा होतो. नागर शिक्षिकेला कुरण हे विरंगुळ्याचे स्थळ वाटते. गुराख्याच्या मुलाला ते कामाचे स्थळ असते. तेथील झाडे, पक्षी व गवत यांविषयी त्याला तिच्याहून अधिक ठाऊक असण्याचा संभव असतो. अशा वेळी ‘निसर्गाचा परिचय करून देणे’ हा हेतू अपुरा पडतो. मुलाजवळ असलेल्या ज्ञानाला शब्द, संख्या व आत्मविश्वास यांची जोड देणे, हा तेथील खरा हेतू होय.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले. नाव योजनेबरोबर प्रवास करू शकते; त्यामागील प्रश्न मात्र प्रत्येक शिक्षिकेला आपल्या अंगणात नव्यानेच विचारावा लागतो.